हत्यार म्हणून ठेवलेली वही

"लई भाषा येतात म्हणं तिला. बोलती मात्र एकीतबी न्हाई."

पाण्याच्या कूलरपाशी दोघे ऑपरेटर हसले. मी खांबाच्या अलीकडे रिकामी बाटली धरून उभी होते. ते निघून गेल्यावर मी पुढे होऊन पाणी भरलं. राग आला नाही, कारण त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

नागापूरच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात मला लागून तीन महिने झाले होते; राहायला मी जवळच आत्याकडे होते. कारखान्याने फ्रान्समधल्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपचं जुनं ग्राइंडिंग मशीन विकत घेतलं होतं, आणि त्याच्याबरोबर फ्रेंच कागदांची दोन खोकी आली होती. ते कागद मराठी-इंग्रजीत उतरवणं हे माझं काम. कागदांशी माझं छान जमत होतं. आता त्या मशीनवर पूर्वी काम केलेले एक फ्रेंच गृहस्थ चार दिवस ते नीट बसवून द्यायला येणार होते. मॅनेजर सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, की या चार दिवसांत तुम्ही कसं सांभाळता ते बघू आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवू. मी मान हलवली होती.

माझं न बोलणं शाळेपासूनचं. आमचं गाव पारनेरजवळ. मला तालुक्याच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे मराठी शब्द तोंडातून गेला की बाकावर उभं राहावं लागे. सुट्टीत चुलत बहिणींमध्ये बसले की माझं मराठी ऐकून त्या लोळून हसत. "ए, परत म्हण ना," असं म्हणत मला तेच वाक्य चार वेळा म्हणायला लावत. मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. गप्प मुलीला सगळे हुशार समजतात, त्यामुळे कुणी हरकतही घेतली नाही.

फ्रेंच मी ऑनलाइन शिकले, पुण्याच्या एका निवृत्त शिक्षिकेकडे. कॅमेरा बंद ठेवला तरी त्यांना चालायचं. त्यांनीच मला इम्परफेक्ट सबजंक्टिव्हची गोडी लावली. 'तो यावा असं मला वाटत होतं' यातल्या 'यावा'साठी जुन्या फ्रेंचमध्ये क्रियापदाचं एक वेगळंच रूप आहे. मागच्या काळातली इच्छा, भीती, शंका सांगायची असेल तर ते वापरायचं. कथेत येणारा भूतकाळ घ्यायचा, त्याला नवं शेपूट जोडायचं, आणि 'तो'च्या रूपात स्वरावर छोटीशी टोपी चढवायची. क ज फ्यूस, क त्यू फ्यूस, किल फ्यू: मी असावं, तू असावंस, तो असावा. मी पानंच्या पानं भरली. बाई म्हणायच्या, हे पुस्तकात वाचायला मिळेल, बोलताना कुणी वापरत नाही, बोलायला साधा वर्तमानकाळच घेतात. माझ्या मनात यायचं, मग हे माझ्यासाठीच राहिलेलं आहे. जे कुणी मोठ्याने म्हणत नाही ते न चुकता येणं, यात मला फार सुरक्षित वाटायचं.

त्या गृहस्थांना पाठवायचं आमंत्रणाचं पत्र मीच लिहिलं होतं. आपण दिवाळीपूर्वीच यावं अशी आमची इच्छा होती, हे सांगायला मी 'व्हँसिए' असं रूप वापरलं. 'आपण यावं'चं ते सगळ्यात झोकदार रूप. पहिल्या दिवशी ते गाडीतून उतरले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात ते पत्र होतं. साठीचे, जाड बोटांचे, नखांत काळं राहिलेले. त्यांनी पत्र उघडून त्या शब्दावर बोट ठेवलं आणि हसून म्हणाले, की आयुष्यभर मशीनला तेल घातलं, पण असं मला कुणी लिहिलं नव्हतं, बायकोला वाटलं मला मंत्री केलं. मग ते थांबले. मी काहीतरी बोलावं म्हणून. मी वाक्य मनात जुळवत राहिले, आणि ते जुळेपर्यंत मॅनेजर सर त्यांना चहाला घेऊन गेले.

पुढचे तीन दिवस मी दुभाषाचं काम वहीवर केलं. माझी निळी वही, पुढच्या पानांवर क्रियापदं, मागची कोरी. ते काही विचारत, मी त्याचं मराठी चिठ्ठीवर लिहून मशीनच्या ऑपरेटरला देई. ऑपरेटर सांगत ते फ्रेंचमध्ये वहीत लिहून पाहुण्यांपुढे धरी. ऑपरेटरना सगळे मामा म्हणत. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नसे, म्हणून दर चिठ्ठीला खिशातून चष्मा काढावा लागे. दुसऱ्या दिवशी दुपारी ते चष्मा पुसत म्हणाले, "मॅडम, तुमी पोस्टात पायजे हुत्या." सगळे हसले, मीही. पण सरांनी केबिनच्या काचेतून पाहिलं ते मला दिसलं.

त्याच दिवशी पाहुण्यांनी मशीनच्या बाजूला हात टेकून सांगितलं, की वर्कशॉप बंद झालं त्या दिवशी याच्यावर विक्रीची एक चिठ्ठी चिकटवली आणि क्रेन आली. तेवढंच. मला त्यांना सांगायचं होतं, की असं व्हायला नको होतं. त्यासाठी इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह अगदी नेमकं होतं. मी ते वहीत लिहिलंही, टोपीसकट. पण त्यांना दाखवलं नाही. डोळ्यांत पाणी आलेल्या माणसापुढे व्याकरणाची वही कशी धरायची?

चौथा दिवस खंडेनवमीचा निघाला. पाहुणे खरं तर मधली सुट्टी धरून दसऱ्यानंतर चाचणी घेऊन परतणार होते, पण त्यांचं विमान दोन दिवस अलीकडे आलं, म्हणून हा घोळ. त्यांची गाडी दुपारी दोनला होती आणि शेवटची चाचणी राहिली होती. मामा मात्र पहाटेच आले होते. त्यांनी मशीन धुऊन पुसून घेतलं, हळदीकुंकू लावलं, बटणांच्या पेटीवरून झेंडूची माळ सोडली. खाली लाल कापडावर नट आवळायचे पाने, मापं घ्यायचे मायक्रोमीटर आणि व्हर्निअर मांडले. ज्याचं त्याचं हत्यार. पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत कशाला हात लावायचा नाही, मशीन चालवायचं नाही. आमच्याकडे घरीही तसंच असतं, पाटीपुस्तकं पूजेत ठेवली की अभ्यास बंद.

मी बाजूला उभी होते. मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमचं हत्यार?"

माझ्याकडे काय असणार. मी छातीशी धरलेली वही पाहून त्यांनीच हात पुढे केला. वही मायक्रोमीटरशेजारी गेली. तिच्या निळ्या पुठ्ठ्यावर कुंकवाचं बोट उमटलं, वर एक फूल. मला इतकं बरं वाटलं, की पुढे काय होणार याचा विचारच आला नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी कामगारांमध्ये धरलं होतं.

साडेबाराला पाहुणे हात पुसत आले. सजवलेलं मशीन पाहून त्यांना आनंद झाला, फोटो काढले, पेढा खाल्ला. मग घड्याळाकडे पाहून ते बटणांच्या पेटीकडे गेले. माळ बाजूला करायला त्यांनी हात उचलला.

मामा एक पाऊल पुढे झाले आणि थांबले. पाहुण्याला अडवायचं कसं? त्यांनी सरांकडे पाहिलं.

"पूजा झाली हाय, सायेब."

सर म्हणाले, की पाच मिनिटांनी काही बिघडत नाही, माणूस एवढ्या लांबून आलाय, परत कधी येणार. मग माझ्याकडे वळले. त्यांना म्हणावं घ्या चाचणी, आम्हाला काही अडचण नाही. मामांनी मान खाली घातली. हात मागे बांधले आणि खाली कापडावर मांडलेल्या हत्यारांकडे पाहत राहिले.

माझाही हात सवयीने छातीशी गेला. वही नव्हती. ती कापडावर होती, कुंकू लागलेली, मामांच्या मायक्रोमीटरला टेकून. उचलली असती तर मामांच्या पूजेतून पहिलं हत्यार मीच उचललं असतं. सरांच्या हातात कागदांची फाइल होती, मागितली असती तर एक कोरा कागद मिळाला असता. त्यावर सर म्हणाले तेच लिहायचं होतं. मी फक्त निरोप्या, निरोपाशी माझा काय संबंध, असं मी तीन दिवस स्वतःला सांगत आले होते.

पाहुण्यांची बोटं माळेपर्यंत पोचली.

"थांबा," मी फ्रेंचमध्ये म्हणाले. आवाज घोगरा निघाला. ते थांबले. सगळेच थांबले. मनात झोकदार रूपं धावून आली, मी ती येऊ दिली नाहीत. लहान मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात तसली वाक्यं बोलले. आज मशीन काम करत नाही. आज ते विश्रांती घेतं. यांनी ते सकाळी धुतलं, त्याला फुलं दिली. हा त्याचा सण आहे. मध्येच एक क्रियापद चुकलं. मी ते दुरुस्त न करता पुढे गेले.

पाहुण्यांनी हात खाली घेतला. मामांकडे पाहिलं, मग मशीनकडे. मग त्यांनी माळ सारखी केली, आणि मला विचारलं, की चाचणीत मशीन कसा आवाज करतं ते मला कोण कळवणार, ते पत्रात लिहिता येत नाही, ऐकून सांगावं लागतं. मी म्हणाले, मी फोन करीन. हे शब्द माझ्याच तोंडून आले यावर माझा विश्वास बसेना. मी तर आत्याच्या घरी दूधवाल्याचा फोनसुद्धा उचलत नाही.

त्यांनी मामांचा हात हातात घेऊन हलवला. मामांना यातलं काही कळलं नव्हतं, पण माळ जागेवर होती तेवढं त्यांना पुरलं.

सर माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही, पण प्रत्येक शब्द सुटा होता. मी सांगितलं काय आणि तुम्ही बोललात काय, असं त्यांनी विचारलं. कूलरपाशी हसलेले ते दोघेही मागेच उभे होते. मला वाटलं, आता मान हलवायची, खाली बघायचं, आणि संध्याकाळी आत्याला सांगायचं की नोकरी काही जमली नाही.

"सर, पूजा झाली आहे," मी म्हणाले. "आज मशीन चालू करायचं नाही, असं मी त्यांना सांगितलं. दसरा झाला की मामा चाचणी घेतील. मी इथे शेजारी उभी राहीन, आणि त्यांना फोन मीच करीन."