जनरेटरवरचा झेंडूचा हार

ती दुपार आठवली की आजही मला माझाच राग येतो. पनवेलमधल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. जानेवारी महिना होता. हद्दीतल्या एका रुग्णालयाची वीज गेली आणि जनरेटर सुरूच झाला नाही. अतिदक्षता विभागात दोन सिस्टर पाऊण तास हाताने रबरी फुगा दाबून दोन रुग्णांचा श्वास चालवत राहिल्या. वीज आली, दोघेही वाचले. प्रशासकांनी जनरेटरचं दार उघडलं, तर आतली बॅटरीच गायब.

फिर्याद घेत असताना तिथला इलेक्ट्रिशियन मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, सोमवारीच मी टेस्टिंग केलंय, तेव्हा बॅटरी होती. त्या नव्या वॉचमनला जरा विचारा." न विचारता कुणी नाव सांगितलं की मी सावध होतो. तरी चौकशी वॉचमनपासूनच सुरू करणं भाग होतं.

वॉचमन बेलपाड्याचा, साठीचा, दिवाळीनंतर कामाला लागलेला. हवालदाराने आवाज चढवला तसा तो हात जोडून मागे सरकला. मी हवालदाराला चहा सांगायला पाठवलं. घाबरलेल्या माणसाला खरंसुद्धा नीट सांगता येत नाही.

"काका, बॅटरी कुठे गेली?"

"साहेब, आमी त्या मशीनला हात पन नाय लावला. दाराला पूजेचा हार बांधलेला हाय, तो आमी कसा तोडनार? आता गावात तोंड दाखवाया जागा नाय राहिली आमाला."

हार? मी प्रशासकांना फोन लावला. "हो, दार उघडताना दोरा मीच कापला," ते म्हणाले. मग मला त्याच रुग्णालयात डिसेंबरमध्ये घेतलेल्या मॉक ड्रिलचा, म्हणजे आपत्कालीन सरावाचा, फोटो आठवला. तो माझ्याच मोबाईलमध्ये होता. जनरेटरसमोर मी ऐटीत उभा, आणि मागे दाराच्या दोन्ही मुठींना बांधलेला, सुकून काळा पडलेला झेंडूचा हार.

मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. "टेस्टिंगला दार उघडावं लागतं?"

"हो सर, स्विच आतच आहे."

"मग हा हार कधीचा?"

मी पुढे केलेला फोटो त्याने पाहिला. "दसऱ्याचा," म्हणाला आणि मग सगळं सांगत गेला. नवरात्रात मंडळाच्या लायटिंगसाठी त्याने बॅटरी नेली होती, ती तिथेच खराब झाली. दसऱ्याला पूजा करून त्याने दाराला हार बांधला. पूजा केलेलं मशीन कोण उघडणार? दर सोमवारी टेस्टिंगच्या वहीत नुसती सही चालू होती. "हल्ली वीज जाते कुठे सर," तो पुटपुटला. मी त्याला अटक केली.

वॉचमनला मी स्वतः जीपने बेलपाड्यात सोडलं, तेही दिवसाढवळ्या. गावाने पाहावं म्हणून त्याच्या ओटीवर बसून चहा घेतला.

ड्रिलच्या दिवशी मी अग्निशामक नळकांडी तपासली, फाटकावर माणसं उभी केली, त्या हाराला हात जोडले आणि पुढे गेलो. वीज बंद करून पाहायचं मला सुचलं नाही. बॅटरी इलेक्ट्रिशियनने नेली, पण ती जागेवर आहे असं मानून ड्रिलच्या अहवालावर सही मी केली होती. संकटात रुग्णालयच चालू राहिलं नाही तर माझा सगळा बंदोबस्त फुकट, हे त्या दोन सिस्टरनी मला शिकवलं. पुढच्या प्रत्येक ड्रिलमध्ये मी जनरेटर उघडून पाहिला, डॉक्टरांना तयारीत ठेवलं आणि मेन स्विच बंद करायला लावला. डॉक्टर कुरकुरायचे. मी ऐकलं नाही.

आता मी निवृत्त आहे. गेल्या दसऱ्याला सकाळीच बेलपाड्याच्या त्या वॉचमनकाकांचा फोन आला.

"साहेब, आदी मशीन चालू करून बघितली. मंग हार घातला."