सहावी बशी

२००४ साली आई सहा महिन्यांसाठी माझ्याकडे अमेरिकेत, क्युपर्टिनोला आली, तेव्हा शेजारच्या जपानी बाईंना तिने बेसनाचे लाडू नेऊन दिले. आठवड्याने बाईंनी डबा परत केला आणि सोबत एक खोकं दिलं. आत लाखकाम केलेल्या लाकडी बशा होत्या, बाहेरून काळ्या, आतून लाल, वजनच जाणवू नये इतक्या हलक्या. बिनकानाच्या कपात चहा देताना त्या कपाखाली ठेवायच्या. मी ऑफिसात होते, म्हणून खोकं आईनेच उघडलं, बशा पुसून ओट्यावर मांडल्या आणि कागद कचऱ्यात टाकले. दुपारी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

संध्याकाळी मी मोजल्या. पाच.

"सहावी कुठे गेली?"

"पाचच होत्या."

"आई, सेट सहाचा असतो. कागदांबरोबर थ्रो केलीस तू."

"चाळीस वर्षं गणित शिकवलंय मी. पाचपर्यंत मोजता येतं मला."

ते खरंच होतं. पण मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळे, आणि घरी आल्यावर तेच काम मी फुकट करत असे. नवरा म्हणाला, "सोड ना यार, कोस्टर तर आहे." मी सोडलं नाही.

त्यानंतर घरात जे सापडेना, ते आईनेच कुठेतरी ठेवलेलं असे. गाडीची किल्ली, लायब्ररीचं पुस्तक, टीव्हीचा रिमोट. किल्ली माझ्या कोटात निघाली, रिमोट सोफ्यात. बशी मात्र निघाली नाही, त्यामुळे माझं म्हणणं कायम राहिलं. आई आधी चिडायची, मग गप्प बसायला लागली. एक दिवस आपणहून म्हणाली, "गेली असेल गं कागदात. मला आठवत नाही." मावशीचं विसरणं असंच सुरू झालं होतं, आणि शेवटी तिने आईलाही ओळखलं नव्हतं. आम्हा दोघींनाही त्या वेळी मावशीच आठवली.

आई गॅस बंद केल्यावर दोन-दोनदा जाऊन बघायला लागली. मग एका रविवारी तिने कॉलिंग कार्ड काढलं आणि पुण्याला एका विद्यार्थ्याच्या आईला फोन लावला. आई पुण्यात घरी दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेई. बाबा गेल्यापासून तिचा दिवस त्या मुलांवरच निघत होता. "जूनपासून शिकवणी बंद," ती म्हणाली. "सगळ्यांना कळवा. आता माझाच मला भरवसा नाही." मी तिथेच भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

पुढच्या शनिवारी जपानी बाई चहाला आल्या. मी त्यांच्याच बशा काढल्या. आईने कप पुढे केला आणि मान खाली घालून म्हणाली, "सॉरी. आय लॉस्ट वन."

बाईंनी ट्रेकडे पाहिलं. "नो, नो. फाइव्ह. इन जपान, ऑल्वेज फाइव्ह."

त्यांच्याकडे कप पाच, ताटल्या पाच, बशाही पाचच. सहा कशाला, असं त्यांनी मला विचारलं. मी आईकडे न बघता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

आईने चहा सावकाश संपवला. बाईंना दारापर्यंत पोचवलं. परत येऊन कार्ड काढलं आणि पुण्याला फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच वाजत होते, पण दहावीच्या मुलाची आई जागीच असते, असं तिचं मत होतं.

"जूनपासून शिकवणी आहे. हो, नेहमीच्या वेळेला. सगळ्यांना कळवा."

मग तिने बशा धुतल्या, पुसल्या आणि माझ्यापुढे टेबलावर ओळीने मांडल्या.

"आई, चुकलं माझं," मी म्हणाले.

"मोज."

मी मनातल्या मनात मोजू लागले.

"मोठ्याने," आई म्हणाली.