जुन्या मापावर बेतलेली सायकलफेरी

आमचे हे शिंपी. एकतीस वर्षं लोकांच्या पँटी शिवताहेत आणि मी समोर बसून काजं-बटणं करतेय. यांच्या मनात काय चाललंय ते मला कात्रीच्या आवाजावरून कळतं, अशी माझी घमेंड होती. गेल्या हिवाळ्यात यांच्या हृदयाचं दुखणं निघालं, नळीत जाळी बसवली, आणि माणूस घरी आला तो निम्माच. काम करायचे, पण पुढच्या महिन्यात शिवून द्यायचं कापड कुणी आणलं की म्हणायचे, "तेव्हाचं तेव्हा बघू." मला ते ऐकवत नसे.

मग मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सायकल चालवायला हरकत नाही. पण बेतानं. आणि एकट्यानं अजिबात नाही."

झालं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! दुसऱ्या दिवशी कापायच्या टेबलावर राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा. फाटकापासून तळं, तळ्यावरून डोंगराची सोंड, तिथून टेहळणीचा मनोरा आणि खाली परत. वाटेवर दोरा अंथरला, दोरा टेपला लावून मोजला. बावीस किलोमीटर. पाणी प्यायच्या जागी निळी टाचणी, ब्रेक तपासायच्या जागी लाल. बाजूला खडूनं लिहिलं : अडीच तास.

"नकाशात या वाटेला मध्यम म्हटलंय," हे म्हणाले.

"मध्यम कुणाच्या मानानं? तुम्हीच म्हणता ना, तयार कपड्यातला मीडियम कुणालाच धड बसत नाही."

"नकाशा काढणारे शिंपी नसतात," असं म्हणून हे पुन्हा टाचण्यांत गुंग.

"बरोबर कोण येणार?"

"बघू."

हे 'बघू' मी ओळखून आहे. म्हणजे हे एकटेच जाणार. पण किती महिन्यांनी कात्री जोरात चालत होती, म्हणून मी तोंड मिटून बसले. तीन दिवस गप्प बसले मी. शेजारणीनं येऊन विचारलं, बरं आहे ना?

चौथ्या दिवशी माझ्या मशीनवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं तर पँट. ताणणारं कापड, गुडघ्याला दुहेरी शिवण, बसायच्या जागी स्पंजचा जाड थर. माझ्यासाठी.

"फाटकापाशी भाड्यानं सायकली मिळतात," हे मान खाली घालून म्हणाले. "दोन सांगून ठेवल्यात."

खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. लगबगीनं आत जाऊन पँट चढवायला घेतली, तर ती मांड्यांपर्यंत आली आणि तिथेच अडून बसली. वर नाही, खाली नाही. तशीच दुडूदुडू चालत जाऊन मापांची वही उघडली. माझ्या पानावर कंबर सव्वीस. धाकटीच्या जन्माआधीचं माप! ती धाकटी आता नोकरीला लागली.

यांची ही जुनी खोड. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं माप पुन्हा घ्यायचं नाही. टेप लावली की माणूस ओशाळतो, म्हणून वहीतलं माप धरायचं आणि नजरेच्या अंदाजानं दोन-तीन इंच गुपचूप वाढवायचे.

"मग माझ्या वेळी नजर कुठे गेली होती?"

"तुझ्याकडे जरा बघत बसलं की विचारतेस, काय बघताय."

मी पोट धरून हसले. हसता हसता एकदम डोक्यात आलं आणि हसूच गेलं. "आणि ते अडीच तास? तेही जुनंच माप ना? तुमच्या मित्राबरोबर गेला होतात, बारा वर्षांपूर्वी, तेव्हाचं?"

हे टाचण्या सारख्या करत राहिले.

"उभे राहा," मी म्हटलं आणि यांच्या गळ्यातली टेप काढून घेतली.

यांचं माप आजवर कुणी घेतलंच नव्हतं. स्वतःची पँट हे जुन्या पँटीवरून बेततात. सदरा वर केला, तर पँटीच्या कंबरेला मागे दोन्ही बाजूंनी आत घातलेली शिवण. एकदा नव्हे, एकीच्या आत दुसरी, तिच्या आत तिसरी. हिवाळ्यापासून तीनदा पँट आत घेतली होती यांनी. मी दिवसभर समोर बसते आणि मला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"हे कधी केलंत?"

"तू भाजी आणायला जायचीस तेव्हा."

"मला सांगायचं नाही?"

"तू आधीच घाबरलेली."

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, आणि रागाच्या भरात मी यांना जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. हे हात वर करून उभे होते, नव्या गिऱ्हाइकासारखे. पँटीच्या मूळ मापापेक्षा कंबर चार इंच कमी भरली. मी आकडा मोठ्यानं वाचला. मग यांनी माझं माप घेतलं आणि आकडा कानात सांगितला. म्हटलं, "मोठ्यानं सांगा, मी काही गिऱ्हाईक नाही."

ट्रायल घेतल्याशिवाय आमच्या दुकानातून काही बाहेर जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे आपल्या सायकलवर आणि मी शेजारणीच्या, दोघं रस्त्याच्या टोकाच्या पुलावर गेलो. तिसऱ्यांदा पूल चढताना हे उतरून चालू लागले. मी दुसऱ्यांदाच उतरले होते.

घरी येऊन नकाशा नव्यानं बेतला. मनोरा गेला, डोंगराची सोंड गेली. तळ्यापर्यंत जाऊन परत, नऊ किलोमीटर, वाटेतल्या दोन्ही चढांवर सायकल हातात, चार तास. त्यातला एक तास तळ्याकाठी नुसतं बसायचं, हे माझ्याकडून.

रविवारी निघायचं आहे. नवी पँट नीट बसली, वर खिसाही मिळाला.

काल वहीत यांनी स्वतःसाठी पान केलेलं दिसलं. छाती, कंबर, उंची, शेजारी तारीख. त्याखाली लिहिलं होतं, 'पुढच्या वर्षी पुन्हा माप घेणे. तेव्हा मनोऱ्याचं बघू.' पुढच्या वर्षी. मी ते दोनदा वाचलं, वही होती तशी मिटून ठेवली आणि राहिलेली काजं करायला बसले.