भोंगा आणि फडकं

तो माझ्या गावाकडं निघण्याआधी आमचं शेवटचं साधं काम म्हणजे इथं परदेशात, सेंगकांगच्या हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या शेडखाली, कॉफी पिणं. तो म्हणजे आमच्या शेजारच्या इमारतीतला पुण्याचा गडी. युनिव्हर्सिटीत धरणांचं काहीतरी करतो. शिकतो का शिकवतो, मला आजवर कळलं नाही. बिनसाखरेची कॉफीसुद्धा पाच मिनिटं ढवळतो. चारचौघांत मात्र तोंड उघडत नाही.

म्हणाला, "म्हणजे कसं, काका, तुमच्या गावच्या धरणाचं सुरक्षा धोरण ठरतंय. गावात सभा घेऊन लोकांच्या सूचना ऐकणारेत. मी उद्या निघतोय."

"काय ठरतंय?"

"पाणी सोडताना भोंगा वाजवायचा."

"डोंबल! माझी बायको ठार बहिरी. खाली नदीवर धुणं धुवायची. मी धरणाच्या गेटवर कामाला. आधी तिच्याच लुगड्याचं लाल फडकं हलवायचो, ती वर आली की मग पाणी. भोंग्याबरोबर फडकंही लावा म्हणावं. पण तू कसला बोलतोस!"

तो पुन्हा कॉफी ढवळू लागला.

ती जाऊन वर्ष झालं. फडकं माझ्या उशाखाली असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बॅग घेऊन दारात उभा. "काका, फडकं द्या. हातात असलं की बोलेन."

दिलं. त्यानं ते पासपोर्टबरोबर आतल्या खिशात ठेवलं आणि वरून दोनदा चाचपून पाहिलं.