मुलगी द्यायची तिथलं पाणी

आमच्या लातूरकडे मुलगी द्यायची तर आधी त्या गावचं पाणी बघतात. सासू कशी आहे ते नंतर. त्यात मी पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य काढलेली बाई. माझ्या मुक्तासाठी कर्जतकडच्या कोंडाण्याच्या लेण्यांजवळच्या गावातलं स्थळ आलं, घर बघायला जायचं ठरलं आणि साड्यांच्या आधी माझी तपासणीची पेटी पिशवीत गेली.

"आई, तिथे बाटल्या काढल्यास ना, तर मी ओळखसुद्धा दाखवणार नाही," लेकीने दम भरला.

तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. स्थळाचा मुलगा, निखिल, तिला आवडला होता, तरी होकार काही देत नव्हती. आणि एकटं राहायची मला धास्ती वाटते, हे मी कबूल करत नव्हते.

कुणाला जायचं असेल तर वाट अशी: रात्रीच्या बसने पुणे, तिथून घाट उतरून खोपोली, पुढे कर्जत. कर्जतला स्टेशनबाहेरचा गरम वडापाव सोडू नका. कोंडाण्याकडे स्पेशल रिक्षा करावी लागते. भाव बसायच्या आधी ठरवा. आम्ही उतरल्यावर ठरवायला गेलो आणि पस्तावलो. जानेवारी होता. भात कापून झालेल्या शेतांत उरलेल्या ओलीवर वाल उभा होता. पाणी न देता पीक उभं राहतं हे बघून मी रिक्षातून मान बाहेर काढून बसले.

निखिलच्या आईने, मंदाताईंनी, विहिरीच्या पाण्याचा तांब्या पुढे केला. प्यायले, तर चवच नाही! आमच्या बोअरचं पाणी साबणाला फेस येऊ देत नाही, भांड्यांवर पांढरा थर चढवतं, पण त्याला चव असते. मला राहवेना.

"पाणी तपासलं तर चालेल का?"

मुक्ता आढ्याकडे बघायला लागली.

"तपासा की ताई! आमी पन बगतो, काय निगतं त्यात," मंदाताई म्हणाल्या.

अख्खं घर भोवती जमलं. नमुन्यात रंग टाकला की पाणी लालसर होतं. मग औषधाचा एकेक थेंब मोजत टाकायचा. निळं व्हायला जितके जास्त थेंब, तितकं पाणी जड. लातुरात मोजता मोजता हात दुखतो. इथे तिसऱ्या थेंबाला निळं! प्रवासात औषध बिघडलं, दुसरं काय? पुन्हा केलं. पुन्हा तीनच.

"कुकर द्या," मी म्हटलं. "डाळ खोटं बोलत नाही."

भेट म्हणून आणलेली लातूरची तूरडाळ मीच शिजायला घातली. जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून आमच्याकडे चिमूटभर सोडा टाकतात. इतक्या वर्षांची सवय, हात डब्याकडे गेलाच. कुकर उघडला तर डाळीचा दाणा शिल्लक नाही, नुसता पिवळा लगदा आणि सोड्याचा वास.

"अगं बाई, ह्याची तर पेज झाली!" मंदाताईंनी कपाळाला हात लावला. सगळ्यात मोठ्याने मुक्ता हसली. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं होतं म्हणून जेवण निभावलं. औषध बिचारं खरं बोलत होतं, एवढं मात्र सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी कोंडाण्याची लेणी बघितली. चढ दमवतो, पण सावली आहे. ओढ्याचं पाणी थेट पिऊ नका. मऊ पाणी, म्हणजे जड नसलेलं, शुद्ध असतंच असं नव्हे. संध्याकाळी शेतात पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा भाजत होत्या, तेव्हा मंदाताई मला एकटीला विहिरीवर घेऊन गेल्या.

"ताई, आता पानी वर हाय. मे मयन्यात तळ दिसतो. टँकरची वाट बगावी लागते. तुमी इचारलं नाय, पन आदी सांगितलेलं बरं."

"एवढा पाऊस पडूनसुद्धा?"

"पडतो आन डोंगरावरनं वाहून जातो. आमच्यासाटी थांबतोय व्हय?"

दोन दिवस मी बाटल्या भरत होते, आणि बाटलीत कधीच न दिसणारी गोष्ट या बाईने आपण होऊन सांगितली. मला फार हलकं वाटलं. पोपटीच्या शेंगा मी हावरटासारख्या खाल्ल्या.

घरी परतल्यावर जंतू तपासायला आणलेली बाटली पिशवीतून काढत मी सरळच विचारलं, "मुक्ता, मला घर पसंत आहे. तुझं काय?"

"मी परवाच निखिलला हो सांगितलं."

"परवा? कधी?"

"सकाळी, तू आंघोळीला गेली होतीस तेव्हा. बाहेर सगळं ऐकू येत होतं, आई. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच तू गाणं म्हणत होतीस."

त्या मऊ पाण्यात अंगावरचा साबण निघेना म्हणून तांब्यामागून तांब्या ओतत होते, तेवढंच मला आठवत होतं. गाणं म्हटल्याचं काही आठवेना.