सानगडीतून फॅक्सचा टोन

आईचं डावं अंग गेलं तेव्हा घरात मी आणि ती, दोघीच. रोज सानगडीहून शहापूरच्या ऑफिसला जाणं संपलं. पण नोकरी सोडायची नाही, हे मी दवाखान्याच्या बाकावरच ठरवून टाकलं. आमचं ऑफिस राइस मिलला लागणारे सुटे भाग पुरवायचं आणि मिलवाल्यांच्या ऑर्डरी फॅक्सनं यायच्या. फॅक्स ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरतो आणि तो कॉम्प्युटर घरून चालवता येतो, हे मी मालकांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ते म्हणाले, "पाहा महिनाभर करून. पण एकही फॅक्स चुकला तं मी दुसरी पोरगी पाहीन."

पहिल्याच आठवड्यात दोन फॅक्स चुकता चुकता राहिले. फोनची आणि फॅक्सची लाइन एकच. घंटी वाजली की माझ्या घरच्या पडद्यावर खूण यायची, मी बटण दाबलं की समोरच्याला फॅक्सचा टोन मिळायचा. पण माझा हात माउसवर जाईपर्यंत ऑफिसचे चपराशी काका तिकडे रिसीव्हर उचलून मिलवाल्याशी धानाच्या गोष्टी करत असायचे.

"काका, फोन उचलू नका," मी मोबाइलवर सांगितलं.

"काहून? दारी आलेल्या पाव्हण्याले उभंच ठेवाचं काय? माह्यानं नाही होत, पोरी."

मला भयंकर राग आला. हा म्हातारा माझी नोकरी खाणार, असं वाटलं. पण भांडून लाइन थोडीच दुसरी मिळणार होती? शेवटी मी सौदा केला. पहिल्या तीन घंट्या माझ्या, चौथी त्यांची. ते त्यांना पटलं. पुढे तीन आठवडे ते फोनजवळ बसून बोटांवर घंट्या मोजत राहिले आणि एकही फॅक्स चुकला नाही.

महिना संपायला दोन दिवस होते. भारनियमनाच्या वेळा मला पाठ होत्या, तरी त्या दिवशी अकरालाच आमच्या गावची वीज गेली. एका मिलवाल्याचं मशीन बंद पडलं होतं, त्याची ऑर्डर यायची होती. मी काकांना मोबाइल लावला आणि ऑफिसातल्या माझ्या खुर्चीवर बसायला सांगितलं.

"मालकाच्या मशीनले हात लावू?"

"लावा. मी सांगतो तसं करा."

हो, घाईत मी पुरुषासारखीच बोलते. डोळे मिटून मी पडदा आठवला. खाली डाव्या कोपऱ्यात हिरवी खूण, घंटी वाजली की बाण तिच्यावर नेऊन एकदा दाबायचं. घंटी वाजली. पलीकडे माउसची टिक ऐकू आली.

"उतरून राह्यला पोरी, पडद्यावर कागद उतरून राह्यला."

तेवढ्यात मोबाइलमधून काकांशी बोलणाऱ्या मालकांचा आवाज आला. "तुम्हाले जमते हे? मंग रोज तुम्हीच करत जा. घरी बसणारीचं काय काम?"

मीच शिकवलेल्या एका बटणानं माझी नोकरी चालली होती.

"बटण दाबलं साहेब," काका म्हणाले. "पण कागदावर काय लिवलं हाये, ते मले कुठं वाचता येते? पोरगीच पाहिजे."

मालक म्हणाले, "बरं. राहू द्या तिलेच."

रोज सकाळी मालक यायच्या आत काका पेपर पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचून काढायचे. समोरच्या टेबलावर बसून पाच वर्षं मी तो ऐकला होता.