विहिरीत शिकलेला ट्रायथलॉनवाला

नामदेव तलावात गोल फिरत होता. मी आणि आमचे मॅनेजरसाहेब सक्करदरा तलावाच्या काठावर उभे. साहेबांनी गॉगल काढला.

"काय हो, तुमचा माणूस परत इकडेच का येतोय?"

मी कंपनीचा स्पोर्ट्स ऑफिसर. ऐंशीच्या दशकात ट्रायथलॉन म्हटलं की लोकांना ते एखादं औषध वाटायचं. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. मधे दम खायचा नाही. नामदेव काटोलकडचा, आमचा सायकलपटू. नवी पोरं त्याला मागे टाकू लागली, म्हणून मी त्याला इकडे वळवलं. नोकरी टेम्पररी. साहेबांनी शब्द दिला होता: येत्या स्पर्धेत पहिल्या तिघांत आला तर पर्मनंट, नाहीतर घरी. मला घाम फुटला होता. त्याला मात्र काही नाही.

"सर, मी सरळच जाऊन राहिलो," तो निथळत म्हणाला. "तलावच वाकडा हाय."

"पोहायला शिकलास कुठे?"

"वावरातल्या विहिरीत."

उलगडा झाला. विहिरीत कोण सरळ पोहतो? हा भिंतीकडेने फेऱ्या मारायचा, तेही कायम एकाच बाजूने. उजवा हात दणकून, डावा नावापुरता. मग गडी डावीकडे वळणारच.

उपाय सोपा. थोड्या थोड्या वेळाने डोकं वर काढून पलीकडची एक खूण बघायची. मी झाड दाखवलं.

"सारी झाडं सारखीच दिसते, सर."

मग त्याच्या बायकोलाच, शांताबाईला, लाल लुगड्यात पलीकडे उभं केलं. नामदेव सुतासारखा सरळ गेला.

दुसरी भानगड धावण्याची. सायकलवर मांड्या राबतात, वजन सीट उचलते. उतरलं की सगळा भार पोटऱ्यांवर येतो आणि पाय लाकडाचे होतात. म्हणून सायकलच्या शेवटी हलकं पॅडल मारून पाय मोकळे करायचे.

"शेवटी हळू? लोकं हासतीन ना, सर!"

स्पर्धेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. पलीकडे खूण म्हणून उभी केलेली शांताबाई लिंबाच्या सावलीत सरकली. नामदेवही इमानदारीने तिकडे वळला आणि भलत्याच ठिकाणी गाळातून वर आला.

"अवो, इकडे काहून आले?"

"तू इथं उभी, मंग मी कुठी जाऊ?"

सायकलवर तो सगळ्यांत शेवटी चढला आणि रागारागाने एकेकाला मागे टाकत सुटला. माझा सल्ला अर्थातच विसरला. उतरल्यावर पाय उचलेनात. चालायला लागला. तेवढ्यात शांताबाई लुगडं खोचून रस्त्याच्या कडेने त्याच्याबरोबर धावू लागली.

"पळा ना! नोकरी जाऊन राहिली तुमची!"

तो पळाला. तिसरा आला, अगदी थोडक्यात. साहेबांनी शब्द पाळला; पण हात आधी शांताबाईंना जोडले.

मी त्यातून एवढंच शिकलो: खूण म्हणून माणूस उभा करायचा असेल, तर त्याला छत्री द्यावी.